मोठ्या मिळकतीसाठी बोअर: एकच खोल घ्यावा की दोन-तीन मध्यम?

माळरान

नळयोजना पोचत नाही अशा वीस-पंचवीस हेक्टरच्या मिळकतीचा विचार करू. राहतं घर, पाहुण्यांच्या खोल्या, वीसेक जनावरांचा गोठा, दोन हेक्टर फळबाग ठिबकवर आणि घराभोवती थोडी हिरवळ. वर पाच-सहा मीटर माती नि मुरूम, खाली कठीण खडक.

माझं मत असं की एकच बोअर घ्यावा, पण मोठ्या व्यासाचा आणि तीनशे मीटरपर्यंत खोल. रिग (बोअर खणणारी गाडी) एकदाच येते, पंप एक, वीजजोडणी एक, देखभालही एकाच ठिकाणी. विरोधी मतं जरूर द्या, फक्त आकड्यांसह द्या.

हिशेबी

खोलीच्या आधी गरज मांडा. दहा माणसं, माणशी २०० लिटर धरले तर रोजचे २,००० लिटर. वीस जनावरं, प्रत्येकी ८० लिटर, म्हणजे १,६००. हिरवळ दोन हजार चौरस मीटर असेल आणि ऐन उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी लागत असेल तर १०,००० लिटर (एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर). फळबागेत झाडांच्या छत्रीखालची जागा निम्मी, म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर रोज ४ मिलिमीटर धरले की ४०,००० लिटर. एकूण ५३,६०० लिटर.

दिवसाला अठरा तास उपसा धरला तर ताशी जेमतेम ३,००० लिटर हवेत. एवढ्यासाठी फार दांडगा बोअर लागत नाही. साठवण टाकी मात्र लागते, कारण घर, गोठा आणि बाग तिन्हींना सकाळी एकाच वेळी पाणी हवं असतं.

यात घर आणि गोठा मिळून ३,६०० लिटर, बाकी सगळं बागेचं. हे दोन हिशेब वेगळेच ठेवा. बागेला पाणी कमी पडलं तर पाळी लांबवता येते, घराला तसं करता येत नाही.

भूस्तर

माळरान, तीनशे मीटरशी असहमत. कठीण खडकात दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. जसजसं खोल जाल तसा वरचा भार वाढतो, भेगा आवळत जातात आणि त्यांचा एकमेकींशी संबंधही कमी होतो. ग्रॅनाइट, नाइस असल्या खडकांत बहुतेक पाणी पहिल्या ८०-१०० मीटरांत भेटतं. त्याखाली प्रत्येक मीटरमागे पाणी लागण्याची शक्यता घटत जाते, पंपाने पाणी चढवायची उंची, म्हणजे हेड, मात्र वाढतं. दीडशे मीटरपर्यंत पुरेसं पाणी नसेल तर उरलेले दीडशे मीटर दुसऱ्या जागेवर खर्च करणं जवळजवळ नेहमीच बरं.

अपवाद दोन. बेसाल्टमध्ये दोन लाव्हाथरांच्या सांध्यात किंवा खालच्या सच्छिद्र थरात खोलवरही पाणी असू शकतं. थरांचा क्रम आसपासच्या बोअरवरून माहीत असेल तर तिथपर्यंत जायला अर्थ आहे. दुसरा अपवाद गाळाचा प्रदेश. तिथे वाळूचा थर कुठे आहे यावर खोली ठरते आणि सगळं शास्त्रच वेगळं होतं.

समुद्राकाठी असाल तर खोल जाणं म्हणजे सरळ नुकसान. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरांवर खारं पाणी भेटतं. म्हणजेच उपशाने पातळी अर्धा मीटर कायमची उतरली तर खारं पाणी वीस मीटर वर चढायला बघतं.

पाणपोई

जागा कशी ठरवायची? पाणाड्याला दाखवून घ्यावी का?

भूस्तर

नको. काटकी फिरण्याचा आणि खालच्या भेगेचा संबंध चाचण्यांत टिकलेला नाही. जिथे सर्वदूर पाणी आहे तिथे कोणीही बोट दाखवलं तरी पाणी लागतंच, आणि श्रेय काटकीला जातं.

पहिलं काम फुकटचं आहे. शेजारच्या जितक्या विहिरी नि बोअर असतील त्यांची खोली, केसिंग (वरची माती आत ढासळू नये म्हणून घातलेला पाइप) किती, पाणी किती मीटरवर लागलं आणि सर्वांत कोरड्या महिन्यात पातळी किती, हे लिहून नकाशावर मांडा. मग उपग्रहचित्रात सरळ रेषेत जाणारे ओढे, झाडांच्या ओळी, टेकडीतल्या खाचा शोधा. त्या बऱ्याचदा भेगांच्या पट्ट्यांवर असतात. दोन रेषा छेदतात ती सखल जागा पहिली पसंती.

त्यानंतर विद्युतरोध सर्वेक्षण. जमिनीत चार खुंट ठोकून बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोघांत व्होल्टेज मोजतात. खुंटांचं अंतर वाढवत गेलं की खोलवरचं चित्र मिळतं. यात एक सापळा आहे. ओल्या भेगाळ खडकाचा रोध कमी असतो हे खरं, पण चिकणमातीचा आणि खाऱ्या पाण्याचाही कमीच असतो. नुसता कमी आकडा बघून खूण करणारा सर्वेक्षक हमखास चिकणमातीत उतरवतो. झिजलेल्या थराची जाडी आणि त्याखालच्या खडकाचा रोध हे दोन्ही अहवालात लिहून मागा.

हातोडी

जागा ठरली की सगळ्यांचं लक्ष पाणी किती लागलं याकडे असतं. बोअरचं आयुष्य ठरतं ते पहिल्या दहा मीटरांत, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

वरची माती नि मुरूम २५० मिलिमीटर व्यासाने खणायचा. वर येणाऱ्या भुकटीचा तपकिरी रंग जाऊन करडा आला, ती बोटांत चुरडत नाही आणि हॅमरचा (हवेवर चालणाऱ्या, खडक फोडणाऱ्या ठोकणीचा) आवाज बोथटचा खणखणीत झाला की पक्का खडक लागला. तिथे थांबायचं नाही, आणखी दीड-दोन मीटर त्यात जायचं आणि मग सुमारे १७८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचं केसिंग उतरवायचं. मोठे दगड जिथल्या तिथे अडकलेले असतील तर केसिंग खडकावर न बसता त्यावरच टेकतं आणि पुढे पावसाळ्यात खालून माती आत येते. म्हणून पक्का खडक आणि सुटा दगड यांतला फरक दोन मीटर जाऊनच कळतो.

केसिंग आणि खड्डा यांच्यातली पोकळी सिमेंटने भरायची. इथेच बहुतेक ठिकाणी हात आखडता घेतात. खणलेली माती वरून ढकलतात आणि काम झालं म्हणतात. मग गोठ्याचं पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ खाली उतरतं. हिशेब असा: २५० च्या खड्ड्यात १७८ चं केसिंग, पोकळी दर मीटरला सुमारे २४ लिटर. आठ मीटरला १९२ लिटर. ५० किलोच्या पोत्यात २७ लिटर पाणी घातलं की साधारण ४३ लिटर राबडी होते. म्हणजे साडेचार पोती, गळती-भेगा धरून सहा आणून ठेवा. राबडी वरून ओतायची नाही. बारीक नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरत आणायची, म्हणजे मधे हवा किंवा पाणी कोंडत नाही. मग निदान २४ तास रिग थांबवायची. रिगवाल्याला थांबणं परवडत नाही, म्हणून हे करारात आधीच लिहिलेलं असावं. प्लास्टिकचं केसिंग असेल तर सिमेंट घट्ट होताना तापतं हे लक्षात ठेवा. आत पाणी भरून ठेवलं की केसिंग वाकत नाही.

केसिंगचं तोंड जमिनीच्या वर निदान अर्धा मीटर, पुराची पातळी त्याहून वर असेल तर तिच्याही वर. भोवती बाहेर उताराचा ओटा.

पाणपोई

ड्रिलिंग चालू असताना मालकाने काय बघायचं?

हातोडी

वही घेऊन उभं राहायचं. प्रत्येक रॉड उतरायला किती मिनिटं लागली, भुकटीचा रंग काय, पाणी कितव्या मीटरला लागलं. दर तीन मीटरला मूठभर भुकटी पिशवीत, वर खोली लिहून. रॉड एकदम खाली गेला तर ती भेग. पाणी अगदी कमी असेल तर ते वर येतच नाही, भुकटी ओली होऊन कणकेसारखी रॉडभोवती चिकटते. धूळ यायची थांबली की पाणी नाही असं समजून पुढे जाणारे असतात. अशा वेळी थोडं पाणी नि फेस सोडून भोक साफ केलं तर बारीक झरा दिसतो.

पाणी मोजायला व्ही-नॉच, म्हणजे V आकाराची खाच असलेली फळी, लावा. ९० अंशांच्या खाचेतून ५ सेंटिमीटर उंचीचं पाणी वाहत असेल तर ताशी सुमारे २,८०० लिटर, साडेसात असेल तर साधारण ७,६००, दहा असेल तर जवळपास १५,७००. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, म्हणून अंदाजाने बोलू नका, पट्टी लावा. फळी समतल हवी आणि उंची खाचेच्या तोंडावर नाही, थोडी मागे मोजायची, कारण तोंडाशी पाणी वाकतं.

आणखी एक. हॅमर चालायला आणि पाणी उपसायला हवा लागते. दर दहा मीटर पाण्याच्या स्तंभामागे एक बार दाब उलटा येतो. बोअरमध्ये दीडशे मीटर पाणी उभं असेल तर नुसतं ते हलवायलाच १५ बार. छोट्या कॉम्प्रेसरने खोल ओला बोअर घेणं जमत नाही, आणि तळाला भुकटी साचून बिट (खणणारं टोक) अडकते ती त्यामुळेच.

विहीरवाली

सगळे बोअरवरच बोलताय. वरचा झिजलेला थर जाड आणि ओला असेल तर उघडी विहीर का नको? सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटरला २८,००० लिटर साठा असतो. १६५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये दर मीटरला फक्त २१ लिटर. झरा संथ असेल तर विहीर रात्रभर भरते आणि दिवसा एकदम उपसता येते. हिशेबींची साठवण टाकी इथे जमिनीतच मिळते.

भूस्तर

बागेसाठी पूर्ण सहमत. पिण्यासाठी मात्र नाही, कारण वरच्या थरातलं पाणी मातीतून थेट आलेलं असतं आणि तोंड उघडं. बांधकामात वरचा सुटा भाग आधी बांधून घेतल्याशिवाय खाली कोणालाही उतरवू नका. खोल विहिरीत हवाही तपासूनच उतरायचं. पेट्रोल-डिझेलचा पंप आत नेऊन चालवणं जिवावर बेततं.

उपसा

आतापर्यंत कोणी चाचणीबद्दल बोललं नाही, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ड्रिलिंगच्या वेळी व्ही-नॉचवर दिसलं ते पाणी म्हणजे बोअरची क्षमता नव्हे. त्यात भेगांत वर्षानुवर्षं साचलेलं पाणीही असतं. दोन तास पंप चालवून 'भरपूर आहे' म्हणणंही तसंच. साठ मीटर पाण्याच्या स्तंभात १,२८० लिटर उभे असतात. ताशी दीड हजाराचा पंप पहिला पाऊण तास जवळजवळ तेच उपसत असतो.

चाचणी अशी. आधी पातळी स्थिर आहे ना ते बघा, आदल्या दिवशी उपसा बंद. मग चार टप्पे, प्रत्येकी तासाभराचे, दर टप्प्याला झडप थोडी जास्त उघडायची आणि घट, म्हणजे पातळी किती खाली गेली ते, मोजायची. कोणत्या टप्प्याला घट अचानक जास्त वाढली ते कळतं. पातळी सावरू द्या. मग त्याखालचा एक दर धरून निदान २४ तास, मोठ्या गुंतवणुकीला ७२ तास सलग उपसा. पातळी १, २, ३, ५, १०, १५, २०, ३०, ६० मिनिटांना, नंतर दर तासाला. उपसलेलं पाणी दूर न्या, जवळ सोडलं तर तेच परत मुरेल.

आकडे लॉग कागदावर (त्यावर १, १०, १०० सारख्याच अंतराने येतात) मांडा: आडवी वेळ लॉगमध्ये, उभी घट. सरळ रेष मिळाली की दहापट वेळेमागे किती घट होते ते वाचा. १९४६ मध्ये कूपर आणि जेकब यांनी दिलेल्या पद्धतीने ट्रान्समिसिव्हिटी (खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता) म्हणजे ०.१८३ गुणिले उपसा, भागिले ही घट. ताशी ३ घनमीटर (दिवसाला ७२) आणि दहापटीमागे ४ मीटर घट असेल तर ३.३ चौरस मीटर प्रतिदिन. माफक, पण चालण्यासारखी.

यातली कामाची गोष्ट पुढची. एका दिवसापासून शंभर दिवसांपर्यंत दोनच दहापटी आहेत. म्हणजे अख्खा उन्हाळा त्याच दराने सलग उपसा केला तरी आणखी ८ मीटर घट. त्यात पावसाळ्यानंतर पातळी आपोआप जितकी उतरते तीही मिळवा. एवढं करूनही पाणी मुख्य भेगेच्या वर राहत असेल तर तो दर टिकाऊ. रेष मधेच खाली मोडली तर भेगांचं जाळं संपलं, किंवा एक भेग उघडी पडली. तिथे दर कमी करायचा, पंप खाली सोडायचा नाही.

पंप बंद केल्यावर पातळी परत चढताना तेवढ्याच काळजीने मोजा. उपसला तेवढाच वेळ गेल्यावरही ती मूळ जागेच्या बरीच खाली राहिली तर साठा मर्यादित आहे.

माळरान

हे छान झालं. मग २४ तासांत ताशी ३,००० टिकले तर एक बोअर पुरे ना?

उपसा

पाण्यापुरतं हो. पण एकच पंप असेल तर तो जळेल त्या दिवशी घर, गोठा, बाग सगळं एकदम कोरडं. ताशी १,५०० चे दोन असतील तर एक बंद पडला तरी घर नि गोठा आरामात चालतो. शिवाय दर निम्मा झाला की त्या बोअरमधली घटही निम्म्याच्या आसपास येते आणि वीज वाचते.

तारयंत्र

पंपाबद्दल. कंपनीच्या कागदावरचं हेड म्हणजे बोअरची खोली नव्हे. उपसा चालू असतानाची पातळी, अधिक टाकीपर्यंतचा चढ, अधिक पाइपातलं घर्षण. साठ मीटरवर पातळी, टाकी वीस मीटर उंच, घर्षण सहा, एकूण ८६ मीटर. त्याला ताशी १,५०० लिटर देणारा पंप घ्या. बोअर दीड हजार देतो आणि पंप तीन हजारांचा बसवला तर तो पातळी ओढून हवा घेतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. मोटारीला सर्वांत जास्त त्रास प्रत्येक सुरुवातीलाच होतो.

थंडावा हा विसरला जाणारा मुद्दा. सबमर्सिबल मोटार तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने थंड होते, आणि ती पंपाच्या खाली असते. पाणी देणारी भेग पंपाच्या वर असेल तर पाणी वरूनच पंपात जातं, मोटारीभोवती ते उभंच राहतं. रुंद बोअरमध्ये बारीक मोटार असली तरी वेग पुरत नाही. दोन्ही वेळा मोटारीवर नळकांड्याचं आवरण चढवायचं, म्हणजे पाणी खालून वळसा घेऊन येतं. माळरान, मोठ्या व्यासाचा हट्ट इथेही अंगलट येतो. व्यास दुप्पट केल्याने पाणी दुप्पट होत नाही, फार तर दहा-पंधरा टक्के वाढतं.

तळापासून निदान पाच मीटर वर टांगा, गाळाला जागा ठेवा. सुरक्षा दोरी वेगळी. केबल पाइपला दर तीन मीटरला बांधा, नाहीतर सुरू-बंद होताना घासून साल जाते. कोरड्या चालण्यापासून संरक्षण अँपिअर बघून करणारं यंत्र पुरतं, पाणी संपलं की प्रवाह उतरतो. ते तोडल्यावर पुन्हा सुरू व्हायला अर्धा-एक तासाचा अवकाश ठेवा, पातळी सावरायला वेळ लागतो.

निवळी

पाणी पिण्याआधी दोन गोष्टी. बोअर स्वच्छ होईपर्यंत हवेने धुऊन काढा, पांढऱ्या बादलीत तळाला वाळू दिसेनाशी होईपर्यंत. मग क्लोरीन. १६५ मिलिमीटर बोअर, ६० मीटर पाणी, १,२८० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम धरले तर १२८ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे २०० ग्रॅम. बादलीत आधी विरघळवून, निवळ पाणीच ओता. पंप चालवून नळीने तेच पाणी केसिंगच्या भिंतीवरून परत आत सोडा. १२ ते २४ तास ठेवा, मग वास जाईपर्यंत बाहेर काढा. हे पाणी बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडू नका.

तपासणीला नमुना क्लोरीन पूर्ण गेल्यावरच घ्या. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली, थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. रसायनांत फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक वगळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लिटरला अनुक्रमे १.५, ५० आणि ०.०१ मिलिग्रॅम. तिन्हींना रंग, वास, चव नाही, आणि उकळून त्यातलं काहीच जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. शोषखड्डा निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला. भेगाळ खडकात किंवा चुनखडीत तेही कमी पडू शकतं, शक्य तेवढं लांब ठेवा.

विहीरवाली

दुसरा बोअर पहिल्यापासून किती दूर?

उपसा

ठराविक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकाच भेगेवर दोनशे मीटर अंतरावरचे बोअरही एकमेकांचं पाणी ओढतात, आणि आडव्या दिशेला चाळीस मीटरवरचा स्वतंत्र असू शकतो. पहिल्याची चाचणी चालू असताना दुसऱ्यात पातळी मोजा. ती उतरली तर दोघं मिळून जेवढं देतील तेवढंच धरा, बेरीज करू नका.

माळरान

म्हणजे क्रम असा धरतो: पहिला बोअर दीडशे मीटरपर्यंत, चाचणी, मग त्याचे आकडे बघून दुसऱ्याची जागा. आणि पहिला कोरडाच निघाला तर बुजवायचा का?

भूस्तर

अगदी कोरडा असेल तर हो, आणि नीट बुजवायचा. खाली स्वच्छ खडी, वरचे निदान पाच-सहा मीटर सिमेंट. उघडं तोंड एक दिवसही ठेवायचं नाही, लहान मूल पडण्याचा धोका आणि वरची घाण थेट भूजलात जाण्याचा धोका. थोडं पाणी असेल तर बुजवू नका. कुलूपबंद झाकण बसवून पातळी मोजायला ठेवा, दर महिन्याचा एक आकडा. किंवा हायड्रोफ्रॅक्चरिंग करून बघा: पॅकरने (भोकात घट्ट बसणाऱ्या बुचाने) बोअरचा एक भाग बंद करून जास्त दाबाने पाणी सोडतात आणि चोंदलेल्या भेगा उघडतात. पॅकर केसिंगपासून पुरेसा खाली हवा, नाहीतर हातोडींनी सांगितलेलं सिमेंटच फुटेल.

हातोडी

आणि घराचा नकाशा पक्का करायच्या आधी बोअर घ्या. बोअरवर छप्पर, पंपघर, पार्किंग काही बांधू नका. पंप वर काढायला तिपाई किंवा क्रेनची गाडी लागते, पाइपाचे तुकडे सहा-सहा मीटरचे असतात, तेवढं आकाश डोक्यावर मोकळं हवं. गाडी यायला साडेतीन मीटर रुंद वाट आणि ओट्याभोवती ती उभी राहील एवढी कडक जमीन कायम मोकळी ठेवा.